टॉयलेट पेपरचं पुरे झालं

दोस्तांनो, कॉमनवेल्थचा घोटाळा म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर काय येतं? चार हजाराला एक टॉयलेट पेपरचा रोल. लाखांनी भाडं लावलेलं पळायचं मशीन. स्विस कंपनीला दिलेलं घड्याळांचं कंत्राट. आणि पुण्याचे खासदार सुरेश कलमाडी, ज्यांना एप्रिल २०११ मध्ये सीबीआयनं उचललं आणि जे नऊ महिने तिहारात बसले. पेपरवाल्यांनी वर्षभर हेच छापलं. गॅलरीत बसून पेपर वाचणारे पोट धरून हसले, मग टॅक्सच्या पैशाचं आठवून मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आले. आपणही हसलो. कलमाडी हसण्यासारखाच माणूस होता. पण या हसण्यात एक चोरी हळूच पसार झाली. ती आपल्या घरातली चोरी होती.

मी तेव्हा शाळेत होतो. ३ ऑक्टोबर २०१०ला वस्तीत एकाच्या टीव्हीवर उद्घाटन बघितलं. स्टेडियमच्या वर तो अवाढव्य फुगा तरंगत होता, खाली ढोल, नाच, दिवे. आम्ही पोरं टाळ्या पिटत होतो. त्या झगमगाटात आपलाही पैसा जळतोय हे कळायला मला पुढं दहा वर्षं लागली, आणि तेही गोदीत पाळी संपल्यावर, एका म्हाताऱ्या कार्यकर्त्यानं हातात कात्रण ठेवलं तेव्हा.

कात्रणात आकडा होता ७४४ कोटी.

हा आकडा कशाचा ते नीट समजून घ्या, कारण हे समजू नये अशीच त्याची भाषा केलेली असते. १९७९ पासून या देशात विशेष घटक योजना नावाची चीज आहे. मूळ गोष्ट सोपी आहे. अनुसूचित जातींची लोकसंख्या जेवढे टक्के, विकासाच्या पैशातला तेवढा टक्का त्यांच्यासाठी बाजूला काढायचा. दिल्लीत शंभरातले सतराच्या आसपास. हा पैसा दुसरीकडे वळवायचा नाही, वर्ष संपलं म्हणून बुडवायचा नाही, असा नियम आहे. शिष्यवृत्ती, वसतिगृह, घर, धंद्याला भांडवल, हे सगळं यातून यायचं. ही कोणी दिलेली भीक नाही. पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबवून घेतलेल्याची फार थोडी, फार उशिरा दिलेली मजुरी आहे.

२०१० साली हौसिंग अँड लँड राइट्स नेटवर्क या संघटनेनं माहितीच्या अधिकारात कागद काढले. दिल्ली सरकारनं २००६-०७ पासून या खात्यातले ७४४ कोटी कॉमनवेल्थच्या कामांवर लावले होते. आधी सरकार म्हणालं, वळवलं कुठं? रस्ते, पूल सगळ्यांचेच, दलित त्यावरून चालत नाहीत का? चालतात ना! तुमच्या शिष्यवृत्तीचा पूल झालाय, जा त्याच्यावरून, हवा खा! संसदेत गदारोळ झाला तेव्हा ऑगस्ट २०१० मध्ये गृहमंत्री चिदंबरम यांना राज्यसभेत कबूल करावं लागलं की हे चुकीचं झालं. सरकारी आकडा थोडा कमी, ६७८ कोटींचा. पैसा परत करायला लावू, असं आश्वासन मिळालं.

आता मला सांगा, यात जेलमध्ये कोण गेलं? कलमाडी गेले ते घड्याळाच्या कंत्राटासाठी. आपल्या पैशासाठी तिहारचं दार कुणासाठीच उघडलं नाही. का, तर यात कुणी पाकीट घेतलेलं नव्हतं. फाईल होती, टिपणी होती, सही होती, शिक्का होता. साहेब संध्याकाळी वेळेवर घरी गेला असेल, पोरांचा अभ्यास घेतला असेल. पाकीट घेणाऱ्याला निदान भीती तरी असते. आपला वाटा वळवणाऱ्याला चोरी केल्यासारखं वाटतसुद्धा नाही. भ्रष्टाचार म्हणून जे काही या देशात गाजतं, त्यात ही जात कधी मोजलीच जात नाही. मी म्हणतो, कॉमनवेल्थची सगळ्यात मोठी लूट हीच होती, कारण बाकीची लूट बेकायदा होती आणि ही कारभार म्हणून झाली.

बरं, पैसा नेला तो नेला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, आपल्या जयंतीच्या महिन्यात, जंगपुऱ्याला बारापुल्ला नाल्याजवळची साडेतीनशेच्या वर कुटुंबांची वस्ती बुलडोझर लावून साफ केली. तमिळ दलितांची वस्ती होती. कशासाठी? खेळांच्या गाड्या लावायला जागा पाहिजे होती. आणि जी झोपडी पाडता आली नाही ती झाकली. रस्त्याच्या कडेला बांबूचे आणि फ्लेक्सचे पडदे उभे केले, वर वाघाचं चित्र, शेरा त्याचं नाव. पाहुण्याच्या डोळ्यात आपण खुपू नये म्हणून. गावात सावली पडू नये म्हणून लांब ठेवायचे, दिल्लीत पडदा लावतात. एवढाच काय तो विकास.

आणि पडद्यामागून सकाळी स्टेडियम बांधायला जायचं कोण? तेच. २०१० मध्ये दिल्ली हायकोर्टानं नेमलेल्या समितीनं पाहिलं की मजुरांना किमान वेतनही पूर्ण मिळत नाही, राहायला पत्र्याची खुराडी. स्टेडियमजवळचा पादचारी पूल २१ सप्टेंबरला कोसळला, २७ मजूर जखमी. पाहुणे देश म्हणाले, आमच्या खेळाडूंचं काय? मजुरांचं काय, असं कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.

हे पहिल्यांदा घडलं असतं तर म्हटलं असतं, चुकले. पण १९८२ च्या एशियाडला हीच दिल्ली, हेच मजूर. तेव्हा मजुरी होती दिवसाला सव्वानऊ रुपये. जमादार त्यातला एक रुपया खायचा, हातात पडायचे सव्वाआठ. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि न्यायमूर्ती भगवती यांनी निकाल दिला की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं म्हणजे वेठबिगार, घटनेच्या तेविसाव्या कलमाचा भंग. वेठबिगार! हा शब्द आपल्या आज्या-पणज्यांना कोर्टाने शिकवायची गरज नव्हती. बाबासाहेबांनी महारकी सोडायला लावली ती याच्यासाठीच. निकाल १९८२ चा, आणि अठ्ठावीस वर्षांनी त्याच शहरात पुन्हा तेच. आमच्याकडं गोदीत मुकादम पाळीमागं माणशी वीस रुपये कापतो. चहापाण्याचे म्हणतो. तो चहा मी अजून प्यायलेलो नाही.

कुणी म्हणेल, हा खेळांवर जळतोय. मुळीच नाही. त्याच खेळांत सावरपाड्याची आदिवासी पोरगी कविता राऊत दहा हजार मीटर पळाली आणि ब्राँझ घेऊन आली. तेव्हा आमच्या गल्लीत मी घसा बसेपर्यंत ओरडलो. अनवाणी पळत वाढलेली पोरगी ती. तिच्या पाड्यासारख्या शंभर पाड्यांना, शंभर वस्त्यांना मैदान दिलं असतं तर? पण १,२०० कोटींचा अंदाज दाखवून आणलेला खर्च १८,५३२ कोटींवर गेला, हे कॅगनं २०११ मध्ये लिहून ठेवलंय. त्यात पाड्यावरचं मैदान कुठं दिसत नाही.

हे जुनं उकरून का काढतोय? कारण खेळ परत येताहेत. २०३० चे कॉमनवेल्थ अहमदाबादला दिलेत, नोव्हेंबर २०२५ मध्ये शिक्का बसला. त्याआधी एप्रिलमध्ये दिल्लीच्या कोर्टानं कलमाडींवरच्या मनी लाँडरिंगच्या केसचा ईडीचा क्लोजर रिपोर्ट मंजूर केला. एक फाईल बंद, दुसरी चालू.

आणि पैसे वळवायला गुजरातपर्यंत कशाला जाता? मे २०२५ मध्ये आपल्या महाराष्ट्र सरकारनं लाडक्या बहिणीसाठी सामाजिक न्याय खात्यातले ४१० कोटी आणि आदिवासी विकास खात्यातले ३३५ कोटी उचलले. मंत्री संजय शिरसाट यांनीच बोंब मारली. बेरीज करा आणि दिल्लीचा आकडा आठवा. माझ्या आईला त्यातले दीड हजार मिळतात. मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "गप रे, गॅस येतो त्यात." तिचंही खोटं नाही. तिला द्यायलाच पाहिजेत. पण ते माझ्या बहिणीच्या शिष्यवृत्तीतून का? माझी अकरावीची शिष्यवृत्ती वेळेवर आली नाही, कॉलेजनं फीसाठी नाव काढलं, आणि मी कविता खिशात घालून गोदीत गेलो. बहिणीचं यंदा अकरावी आहे.

दोन अर्ज लिहून ठेवलेत. एक सामाजिक न्याय खात्याला, एक केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाला. प्रश्न एकच, अनुसूचित जातींच्या खात्यातला कुठला पैसा कुठल्या कामाला लावला, वर्षवार द्या. एकट्याच्या अर्जाला हे केराची टोपली दाखवतील, पन्नासांना दाखवायला मोठी टोपली लागेल. शनिवारी पाळी संपवून रात्री आठला मी शाखेत येतो. फीचे दहा रुपये आणि स्वतःचा पेन घेऊन या. मागच्या वेळी एकच पेन होता आणि तोही झरत नव्हता.