जुन्या गाडीचं ॲव्हरेज

"गाडी जुनी झाली, आता ॲव्हरेज पडणारच," हे वाक्य दारात दहा-पंधरा वर्षांची गाडी असलेल्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं. शेजारी म्हणतात, पंपावरचा मुलगा म्हणतो, आणि वाईट याचं वाटतं की पुष्कळदा मेकॅनिकही हेच सांगून मोकळा होतो. मला हे मान्य नाही. पिस्टनच्या रिंगा गेल्या, सायलेन्सरमधून निळा धूर यायला लागला, तर गोष्ट वेगळी. पण ऑइल वेळच्या वेळी बदललेलं साधं पेट्रोल इंजिन लाखभर किलोमीटर पळाल्यानंतरही सुरुवातीच्या जवळपास जाणारं ॲव्हरेज देऊ शकतं. देत नसेल तर पेट्रोल कुठेतरी वाया जातंय, आणि ती जागा बहुतेक वेळा सापडते.

आधी एक हिशेब मांडतो, कारण तो मला फार महत्त्वाचा वाटतो. वर्षाला आठ हजार किलोमीटर चालणारी गाडी लिटरला १२ देत असेल, तर तिला सुमारे ६६७ लिटर पेट्रोल लागतं. तीच गाडी दुरुस्त होऊन १५ वर आली, की लागतं ५३३. आता समजा ती विकून लिटरला २० देणारी कोरी गाडी घेतली, तर लागेल ४००. नीट बघा: १२ वरून १५ वर येताना सुमारे १३३ लिटर वाचले, आणि १५ वरून २० वर जातानाही तेवढेच. यातली पहिली बचत गॅरेजमधल्या काही हजारांत होते. दुसरीसाठी काही लाख रुपये आणि पाच-सात वर्षांचे हप्ते लागतात. पेट्रोल शंभरीपार असताना १३३ लिटर म्हणजे वर्षाचे तेरा हजारांहून जास्त रुपये. मध्यमवर्गीय घरात ही रक्कम लहान नाही.

पण ॲव्हरेज पडलंय की नाही, हे आधी कळायला हवं. "पाचशेचं टाका" म्हणणाऱ्याला ते कधीच कळत नाही. टाकी फुल करायची, नोझल आपोआप बंद पडलं की थांबायचं, वर आणखी दोन-तीन रुपयांचा राउंड फिगर करायला लावायचा नाही, आणि किलोमीटर लिहून ठेवायचे. पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा फुल. मधे गेलेले किलोमीटर भागिले आता बसलेले लिटर. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नका, तीन-चार टाक्या जाऊ द्या. एप्रिल-मेमध्ये एसी लावून फिरताना आलेला आकडा आणि डिसेंबरातला आकडा यांची तुलना करण्यातही अर्थ नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. थोडी घट गाडीची नाही, इंधनाची आहे. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं, आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलं, की लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी उतरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी एवढीच घट धरली होती. तेव्हा १५ चे १४ झाले असतील तर गाडीला दोष देऊ नका. १५ चे ११ झाले असतील, तर इथेनॉलवर ढकलून गप्प बसू नका. आणि जुन्या गाडीत पेट्रोलचा वास येत असेल, तर रबरी नळ्या लगेच तपासून घ्या. तिथे प्रश्न पैशांचा नसून आगीचा आहे.

आता गाडीकडे येऊ. आमच्या गाडीचं ॲव्हरेज उतरलं तेव्हा ओळखीच्या मेकॅनिकने बॉनेट उघडलंच नाही. त्याने पुढचं डावं चाक जॅकवर उचललं, गिअर न्यूट्रल केला आणि म्हणाला, "काका, आता तुम्ही फिरवा." मी जोर लावला, चाक अर्धा फेरा फिरलं आणि खर्र करून थांबलं. मग उजवं उचललं, तर ते सहज फिरलं. डाव्या चाकाचा ब्रेक धरून राहत होता. त्याने कॅलिपर उतरवला, त्याच्या दोन पिना बाहेर ओढल्या. त्यांच्यावरचं ग्रीस वाळून काळं झालेलं, एका पिनेवर गंजाचा तांबूस थर. पॉलिश पेपरने पिना घासल्या, ब्रेकसाठी मिळणारं वेगळं ग्रीस लावलं, फाटलेली रबरी बुटं बदलली आणि चाक पुन्हा फिरवलं. या वेळी ते हाताच्या एका झटक्यात फिरत राहिलं. आपला पाय ॲक्सिलरेटरवर असताना एक चाक सतत ब्रेक मारत होतं, आणि स्टिअरिंगवर बसून त्याचा पत्ताही लागत नव्हता.

आपल्याकडचा पावसाळा आणि त्यानंतर सोसायटीत आठवडाभर उभी राहणारी गाडी, हे ब्रेक धरायला पुरेसं कारण आहे. हे घरीही ओळखता येतं. मोकळ्या रस्त्यावर थोडं अंतर जाऊन, शक्यतो ब्रेक न दाबता गाडी थांबू द्या आणि रिमजवळ हात न टेकवता नुसता नेऊन बघा. दोन्ही पुढच्या चाकांत एक जास्त तापलेलं लागलं, तर गॅरेज गाठा.

दुसरी जागा म्हणजे थर्मोस्टॅट, आणि इथे मला आपल्या गॅरेजवाल्यांशी भांडायचं आहे. इंजिन आणि रेडिएटर यांच्या वाटेवर हा छोटासा व्हॉल्व्ह असतो. त्यात मेण भरलेलं असतं. पाणी साधारण ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत तापलं की मेण फुगतं, व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे जातं. तोपर्यंत इंजिनाला लवकर गरम होऊ देणं हेच त्याचं काम. "आपल्या हवेत याची गरज नाही, उगाच गाडी हीट होते," असं म्हणून कित्येक ठिकाणी तो काढून टाकतात आणि गिऱ्हाइकाला सांगतही नाहीत. मग इंजिन कायम कोमट राहतं. गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं, इंजिन अजून थंडच आहे, आणि तो सकाळच्या पहिल्या स्टार्टला सोडावं तसं जादा पेट्रोल सोडत राहतो. वीसेक मिनिटं गाडी चालवल्यावरही तापमानाचा काटा वर येत नसेल, किंवा हायवेला लागल्यावर खाली घसरत असेल, तर मेकॅनिकला सरळ विचारा, "दादा, थर्मोस्टॅट आहे का जागेवर?" नवा बसवायला फार खर्च येत नाही.

तिसरा ऑक्सिजन सेन्सर. धुरात किती ऑक्सिजन उरलाय हे तो मोजतो आणि त्यावर इंजिनात पेट्रोल किती सोडायचं ते ठरतं. बिघडलेला सेन्सर बदलल्यावर ॲव्हरेज ४० टक्क्यांपर्यंत सुधारू शकतं, असं अमेरिकेचं ऊर्जा खातं सांगतं. डॅशबोर्डवरचा इंजिनचा पिवळा दिवा पेटलेला असताना "गाडी तर चालतेय" म्हणून वर्ष काढणारे लोक मी पाहिलेत. सायलेन्सरचं तोंड आतून काजळलेलं असेल तर तीही खूण समजा.

एअर फिल्टरबद्दल मात्र आपला समज बदलायला हवा. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये चाचण्या केल्या, तेव्हा इंजेक्शनच्या आधुनिक गाड्यांत तुंबलेल्या फिल्टरमुळे पिकअप घटला, ॲव्हरेज जवळजवळ तेवढंच राहिलं. कार्बोरेटरच्या गाड्यांची गोष्ट निराळी. फिल्टर बदलाच, इंजिनासाठी बदला. पण त्याने किलोमीटर वाढतील ही आशा ठेवू नका.

टायरमधल्या हवेबद्दल सगळेच सांगतात, म्हणून एवढंच: आकडा ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या स्टिकरवर बघा. टायरच्या अंगावर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. हवा भरायची ती टायर थंड असताना. आणि पंधरा वर्षांच्या गाडीला दिसायला छान म्हणून रुंद टायर बसवू नका.

घाटात गाडी न्यूट्रल करून सोडणाऱ्यांना मात्र हात जोडून सांगतो, हे बंद करा. खंबाटकी असो, बोर घाट असो की कशेडी. गिअरमध्ये असलेल्या इंजेक्शनच्या गाडीचा ॲक्सिलरेटर सोडला, की इंजेक्टर पेट्रोल तोडतात आणि चाकं इंजिनाला फिरवत राहतात. न्यूट्रलमध्ये इंजिनाला स्वतःच्या जिवावर चालू राहायचं असतं, म्हणून पेट्रोल जळतच राहतं. म्हणजे बचत तर नाहीच, वर इंजिनाचा ब्रेक गेला, सगळा भार पायाखालच्या ब्रेकवर आला, आणि जुन्या गाडीचे ब्रेक उतारावर तापले की धरेनासे होतात. कार्बोरेटरच्या काळातली ही सवय आहे. तेव्हाही ती धोक्याचीच होती.

पेट्रोलच्या नळीवर लावायचे लोहचुंबक आणि टाकीत टाकायच्या बाटल्या यांवर पैसे घालू नका. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अशी शंभराहून जास्त साधनं तपासली, लक्षणीय फरक पाडणारं काही सापडलं नाही. त्या पैशात एक थर्मोस्टॅट येतो.

आणि एक विनंती. पीयूसीचा कागद काच पुसण्याच्या फडक्याबरोबर डॅशबोर्डच्या कप्प्यात कोंबून ठेवू नका. त्यावर कार्बन मोनॉक्साइडचा आणि हायड्रोकार्बनचा आकडा छापलेला असतो. हे दोन्ही अर्धवट जळालेलं किंवा न जळालेलं इंधन आहे, ज्याचे पैसे तुम्ही भरलेत. गाडी पास झाली एवढं बघून थांबू नका. मागच्या वेळचा कागद काढा, दोन्ही शेजारी ठेवा आणि आकडे वाढलेत का ते पाहा. वाढले असतील, तर ते दोन्ही कागद घेऊन मेकॅनिककडे जा.