प्रतीक्षेलाही मर्यादा हवी

ज्येष्ठांचा मान राखणे हा आपला संस्कार आहे. परंतु मान आणि संघातील जागा या दोन भिन्न गोष्टी आहेत. जळगावच्या सागर पार्कवर किंवा धुळ्याच्या गरुड मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलाने प्रस्थापित खेळाडू स्वतःहून बाजूला होईपर्यंत थांबावे काय? या प्रश्नाचे उत्तर भावनेच्या भरात नव्हे, तर अनुभवाच्या आधारे द्यावयास हवे.

मुंबईचे पद्माकर शिवलकर यांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ५८९ बळी घेतले. पण बिशनसिंग बेदी ऐन भरात असल्याने त्यांना एकही कसोटी लाभली नाही. अमोल मुजुमदार यांची कथाही अशीच. १९८८ मध्ये शालेय सामन्यात तेंडुलकर-कांबळी यांची ६६४ धावांची भागीदारी रंगली असता ते पॅड बांधून आपली पाळी येण्याची वाट पाहत होते. १९९४ मध्ये रणजी पदार्पणात त्यांनी २६० धावा काढल्या, पुढे प्रथम श्रेणीत अकरा हजारांचा टप्पा ओलांडला. तरी तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण यांच्या मांदियाळीत भारतीय संघाचे दार त्यांच्यासाठी उघडले नाही.

येथे अन्याय झाला असे म्हणवत नाही. कारण समोरचे खेळाडू त्या वेळी खरोखरच थोर होते. शिवाय या दोघांची प्रतीक्षा निष्क्रिय नव्हती. ते वर्षानुवर्षे खेळत राहिले. त्याच मुजुमदारांच्या मार्गदर्शनाखाली २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला. त्या अंतिम सामन्यात ८७ धावा करून दोन बळी घेणारी शेफाली वर्मा मूळ संघात नव्हतीच! प्रतिका रावल जायबंदी झाल्याने ऐनवेळी तिला बोलावणे आले, आणि देशांतर्गत सामने खेळत असल्याने ती सज्ज होती.

परंतु नाण्याला दुसरी बाजूही आहे. गुणवत्ता सिद्ध झाल्यावरही केवळ ज्येष्ठतेपायी तरुणाला बसवून ठेवणे हा संघाचाच तोटा होय. १९७१ मध्ये विजय मर्चंट यांनी आपले निर्णायक मत टाकून पतौडींऐवजी अजित वाडेकरांकडे नेतृत्व सोपवले. त्याच वेस्ट इंडिज दौऱ्यात एकवीस वर्षांच्या सुनील गावसकरने चार कसोटींत ७७४ धावा केल्या आणि भारताने तेथे प्रथमच मालिका जिंकली. २००७ मध्ये ज्येष्ठ मंडळी दूर राहिली आणि धोनीच्या तरुण संघाने ट्वेंटी-२० विश्वचषक आणला.

खानदेशात हा प्रश्न अधिक तीव्र आहे. येथील क्रिकेटपटूला रणजीसाठी महाराष्ट्राच्या संघात स्थान मिळवावे लागते. जागा थोड्या, स्पर्धक अनेक. कबड्डीतही सात जण मैदानात उतरतात, उरलेले राखीव. सतरा ते बावीस ही वर्षे बाकावर गेली, तर ती परत मिळत नाहीत. मग मुलगा खेळ सोडतो आणि पालक सुटकेचा निःश्वास टाकतात!

म्हणून जिल्हा संघांनी प्रत्येक हंगामात खुली चाचणी घ्यावी आणि तीत नवख्याबरोबर जुन्यालाही उतरवावे. कमी महत्त्वाच्या सामन्यांत राखीव खेळाडूंना खेळवावे. ज्येष्ठांनी आखाड्यातील वस्तादाचा आदर्श ठेवावा. आपल्याला चीतपट करू शकेल असा पठ्ठा घडविण्यातच वस्तादाचा गौरव असतो. तरुणांनी थांबावे ते आपल्याहून सरस असलेल्यासाठी, केवळ आधी आलेल्यासाठी नव्हे.