‘साधा ब्रेक’ नावाची थाप

गेल्या जुलैत म्हसळ्याहून परतताना कर्नाळ्याच्या खिंडीत माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. एबीएसचा. शेजारी आई, मागे बहीण आणि तिची दोन मुले. बाहेर धो धो पाऊस, समोर कंटेनर. ब्रेक लागत होता, म्हणून सावकाश चालवत पळस्पे फाटा गाठला आणि तिथून करंजाडेला घरी आलो. दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये नेली. उस्तादांनी बोनेट उघडले, ॲल्युमिनियमच्या एका ठोकळ्याकडे बोट दाखवले आणि दोन मिनिटांत निकाल दिला : "भाई, मॉड्युल गया. नया डालोगे तो आधी गाडी का पैसा जाएगा. निकाल देते हैं, सादा ब्रेक कर देता हूँ. बत्ती भी बंद हो जाएगी."

गाडी २०१० ची. पंधरा वर्षे भरल्यामुळे नोंदणीच्या नूतनीकरणाचा खर्च समोर उभा होता. पूर्वी ६०० रुपये असलेली ही फी एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली आहे. अशा वेळी दीड-दोन हजारांत प्रश्न मिटतो म्हटल्यावर कोणाचेही मन डळमळेल. माझेही डळमळले. ओळखीच्या तिघांना फोन केला. तिघांनीही हेच करून घेतले होते. "पूर्वीच्या गाड्यांना कुठे एबीएस होते? लोक चालवत नव्हते का?" हा युक्तिवाद तिघांच्याही तोंडी होता.

ऐकायला तो बिनतोड वाटतो. पण तो खोटा आहे, आणि का खोटा आहे ते समजून घ्यायला इंजिनिअर असण्याची गरज नाही.

एबीएस म्हणजे काय? प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो. जोरात ब्रेक दाबल्यावर एखादे चाक फिरायचे थांबून घसरू लागले, की मॉड्युल त्या चाकाचा दाब क्षणभर सोडते आणि पुन्हा देते, सेकंदाला अनेक वेळा. चाक फिरत राहिले तर स्टिअरिंग चालते, गाडी वळवून समोरचा माणूस वाचवता येतो. सुट्या खडीवर एबीएसची गाडी थांबायला थोडे जास्त अंतर घेऊ शकते, हेही खरे. पण ओल्या डांबरावर वळता येणे हाच जीव वाचण्याचा मार्ग असतो, आणि कोकणात चार महिने डांबर ओलेच असते.

आता ‘पूर्वीच्या गाड्यां’कडे वळू. ब्रेक दाबला की गाडीचे वजन पुढे झुकते, मागची चाके हलकी होतात. त्यांना पुढच्याइतकाच दाब दिला तर ती आधी जाम होतात आणि गाडी भिंगरीसारखी गरकन फिरते. म्हणून बिगर-एबीएस गाडीत मागच्या ब्रेकचा दाब कमी ठेवणारा एक व्हॉल्व्ह असतो, प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह. एबीएसबरोबर ईबीडी असलेल्या गाडीत हे काम मॉड्युल करते, त्यामुळे बहुतेकदा वेगळा व्हॉल्व्ह बसवलेलाच नसतो. मॉड्युल काढून पाइप सरळ जोडले, की एबीएस गेलेच आणि मागचा दाब आवरणारेही कोणी उरले नाही. तयार झाली ती पूर्वीची साधी गाडी नव्हे. कुठल्याही कारखान्याने कधी न बनवलेली, कोणीही न तपासलेली अशी तिसरीच वस्तू रस्त्यावर आली.

अजून एक गोष्ट. ब्रेकची लाइन दोन स्वतंत्र भागांत विभागलेली असते. पुढच्या इंजिनाच्या बहुतेक छोट्या गाड्यांत एक भाग पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक सांभाळतो, दुसरा उरलेली दोन. एक पाइप फुटला तरी अर्धा ब्रेक शिल्लक राहावा, हा हेतू. घाईत काम करणारा माणूस चारही पाइप एकाच जोडावर आणून ठेवतो. मग एक गळती झाली की सगळा ब्रेक गेला. खिंडीच्या उतारावर हे कळून काय उपयोग?

माझे मित्र म्हणाले, "आमच्या गाड्या तर छान चालतात." चालणारच. सोसायटीच्या गेटपासून पनवेल स्टेशनपर्यंत हळू ब्रेक मारणाऱ्याला फरक जाणवतच नाही. त्याची परीक्षा वर्षातून एकदा, एका सेकंदात होते, आणि तिची फेरपरीक्षा नसते.

एबीएस ही श्रीमंतांची चैन आहे, असेही सांगितले जाते. गेल्या २५ डिसेंबरपासून आमच्या शेजारच्या नवी मुंबई विमानतळावर विमाने उतरू लागली. त्यांच्या चाकांना घसरण रोखणारी यंत्रणा १९५० च्या दशकापासून आहे. मोटारीत चारही चाकांचे इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ मध्ये बॉश आणि मर्सिडीजने आणले. आपल्याकडे नव्या मॉडेलच्या कारना ते एप्रिल २०१८ पासून आणि सर्व नव्या कारना एप्रिल २०१९ पासून सक्तीचे झाले. म्हणजे देशाला जे सक्तीचे करावेसे वाटले, ते आपण जुन्या गाडीतून हाताने उपटून काढतो आहोत.

ब्रेक बदलणे कधीच योग्य नसते, असे मी म्हणत नाही. १९८० च्या दशकातल्या काही परदेशी गाड्यांत पंप, दाबाची टाकी आणि मास्टर सिलिंडर हे सगळे एबीएसबरोबर एकत्रच असे. तो पंप मेला आणि सुटे भाग बनणे बंद झाले, तर ब्रेकच धोक्यात येतो. तिथे साधा व्हॅक्युम बूस्टर, योग्य मापाचा मास्टर सिलिंडर, प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह आणि नवे पाइप असा पूर्ण संच बसवून, चाचणी घेऊन केलेला बदल हे प्रामाणिक काम आहे. अर्थात, कागदोपत्री परवानगी घेऊन. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. दीड हजारात पाइप वाकवून देणे आणि हे काम, यांना एकच नाव देणे ही थाप आहे.

माझ्या गाडीचे पुढे काय झाले? मी ती पनवेलला एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्याने स्कॅनर लावला. मॉड्युल ठणठणीत होते, मागच्या डाव्या चाकाचा सिग्नल येत नव्हता. महिन्यापूर्वी त्या चाकाचे बेअरिंग बदलले होते. अशा बेअरिंगच्या एका बाजूला चुंबकीय पट्टी असते, ती सेन्सरकडे हवी. बसवणाऱ्याने बेअरिंग उलटे ठोकले होते. नवे बेअरिंग आणि मजुरी मिळून खर्च ‘साधा ब्रेक’ करण्याच्या आसपासच आला. दरवेळी इतके स्वस्तात सुटत नाही, हे मान्य. पण कधी उंदराने कुरतडलेली वायर, कधी चिखलाने माखलेला सेन्सर, इतकेच कारण निघते. आणि मॉड्युल खरोखर मरते तेव्हा अनेकदा वर्षानुवर्षे न बदललेले ब्रेक ऑइल त्याला मारते. ते हवेतली दमट ओढून घेते आणि आतले व्हॉल्व्ह गंजतात. ते दर दोन वर्षांनी बदलावे, हे आपल्यातले किती जण पाळतात?

उस्तादांवर सगळे खापर फोडून मी मोकळा होणार नाही. वाहनविक्री आणि दुरुस्तीच्या व्यवसायात मुस्लिमांचे प्रमाण लक्षणीय असल्याची नोंद सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालातही आहे. आठवीत शाळा सोडलेला पोरगा पाना हातात घेऊन हे काम शिकतो. हात तयार होतो, पण स्कॅनर, वायरिंगचा नकाशा, कंपनीचे मॅन्युअल त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना २,५४४.६५ कोटींचा दंड ठोठावला. सुटे भाग, तपासणीची साधने आणि तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, हाच ठपका होता. पुढे अपिले झाली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘दुरुस्तीचा हक्क’ पोर्टल काढले, त्यात वाहनेही आहेत. तरी आतला एक व्हॉल्व्ह बिघडला की आमच्या गॅरेजला अख्ख्या मॉड्युलचाच भाव ऐकवला जातो. ज्याला रोग शोधायची साधने मिळत नाहीत, तो अवयव कापायचाच सल्ला देणार. आपल्या संस्था शिष्यवृत्त्या आणि सत्कार करतात, त्यांनी मोहल्ल्यातल्या दहा गॅरेजांत मिळून एक स्कॅनर आणि आठवड्याचे प्रशिक्षण दिले तर कितीतरी अपघात टळतील.

पण कंपन्या आणि सरकार यांच्याआड आपल्याला, मालकांना लपता येणार नाही. मला सर्वांत जास्त खटकले ते उस्तादांचे शेवटचे वाक्य : बत्ती भी बंद हो जाएगी. मॉड्युल बिघडले तर दिवा निदान खरे बोलतो. त्याची तार दुसऱ्या दिव्याला जोडली, की गाडी खोटे बोलायला शिकते. माझ्या तीन मित्रांपैकी एकाने ती गाडी मागच्या वर्षी विकली. कागदावर व्हेरिएंट एबीएसचे, डॅशबोर्ड स्वच्छ. घेणाऱ्याला सांगितले का, असे मी विचारले. तो म्हणाला, "त्याने विचारलं नाही."

मालातला दोष सांगून विकावा, हे आपल्याला लहानपणीच शिकवलेले असते, तेही गिऱ्हाइकाने विचारण्याची वाट न पाहता. आज ती गाडी कोणीतरी चालवतो आहे. आपल्या गाडीला एबीएस आहे अशा भरवशाने तो पावसात जोरात ब्रेक दाबेल. त्या मित्राकडे खरेदीदाराचा नंबर अजून आहे. त्याने आजच फोन करावा, एवढेच माझे म्हणणे आहे. आणि ज्यांनी अशा गाड्या विकल्या आहेत, त्या सर्वांनी.