टॅरोची पाने, लाकडी पदक आणि उदास मन

हल्ली आपल्याकडेही टॅरोची पाने मांडून मनाचा कौल सांगणारे दिसू लागले आहेत. जत्रेतल्या पोपटवाल्याचाच हा शहरी भाऊ! 'डॉक्टर, ती पाने पाहून बरे वाटते, हे खरे का?' असे काही भगिनी विचारतात. बरे वाटते, हे खरे. भविष्य कळते, हे मात्र मी मानत नाही.

टॅरो हा मुळात पंधराव्या शतकातला इटलीतला पत्त्यांचा खेळ. त्याची पाने ७८. त्यावरून भविष्य सांगण्याची टूम अठराव्या शतकात फ्रान्समध्ये फोफावली. आज जास्त करून दिसणारी चित्रे १९०९ सालची, पामेला कोलमन स्मिथ या बाईंनी काढलेली. त्यातले 'पाच पेले' हे पान पाहा. काळी शाल पांघरलेला माणूस समोर सांडलेल्या तीन पेल्यांकडे बघत मान खाली घालून उभा आहे. मागे दोन पेले शाबूत आहेत, तिकडे त्याचे लक्षच नाही. दुःखी माणसाला हे चित्र पटकन आपले वाटते. मनात कोंडलेले बोलायला निमित्त मिळते आणि समोरचा अर्धा तास निवांत ऐकतो. आराम पडतो तो या ऐकण्याने. घरात कोणी एवढे ऐकत असते तर पैसे मोजावे लागले नसते. पण 'मृत्यू'चे पान दाखवून शांतीसाठी हजारो रुपये मागणाऱ्याकडून सरळ उठून यावे.

त्यापेक्षा मला हातकामाचा उपाय अधिक भरवशाचा वाटतो. लाकडाचा तुकडा घासून, त्यात रंगीत रेझिन ओतून पदके, कानातली बनवण्याचा छंद सध्या पुष्कळ जणींना लागला आहे. उदास माणूस म्हणतो, मन लागले की काम करीन. उपचारात आम्ही उलटे सांगतो: आधी थोडे काम करा, मन मागून येते. रेझिन घट्ट व्हायला साधारण एक दिवस लागतो. उद्या साचा उघडून पाहायचा, एवढी ओढही अशा दिवसांत मोठी असते.

मात्र ओले रेझिन कातडीला लागू देऊ नका. त्याची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. बोटे, पापण्या खाजून सुजतात. नायट्रिलचे हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा, घासताना चांगला मास्क लावा. स्वयंपाकाची भांडी त्यासाठी मुळीच वापरू नयेत.

आता महत्त्वाचे. दोन आठवडे रोज उदास वाटते, झोप-भूक बिघडली आहे, कशातच गोडी नाही, असे असेल तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. तिथे ना पाने पुरतात, ना पदके. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवावे. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबूच नये. घरच्यांनी त्या माणसाला एकटे सोडू नये. २०२२ सालापासून सरकारची 'टेलिमानस' सेवा सुरू आहे. १४४१६ हा नंबर रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.