बिलं दोन, चारी एक

एमआयडीसीच्या वाटेवरून

कुरुळीच्या पुढे आत वळलं की माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचं छोटं युनिट आहे. चार प्रेस, सोळा-सतरा माणसं, गाड्यांना लागणारे ब्रॅकेट आणि क्लॅम्प. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर एका दुपारी त्याचा माल भरलेला टेम्पो गेटवर उभा होता आणि ई-वे बिल निघत नव्हतं. नेट बंद. आता नेट बंद पडणं यात लिहिण्यासारखं काही नाही. पण या गृहस्थानं 'एक गेलं तर दुसरं असावं' म्हणून दोन वेगवेगळ्या कंपन्यांची कनेक्शनं घेतली होती. दर महिन्याला दोन बिलं भरत होता. आणि दोन्ही राउटरचे लाल दिवे एकाच मिनिटाला लागले.

मग मोबाइलचा हॉटस्पॉट. दांड्या पूर्ण, पण चाक नुसतं गोल फिरतंय. टॉवरही त्याच केबलवर होता, हे नंतर कळलं. शेवटी अकाउंट बघणारा मुलगा लॅपटॉप पाठीला लावून मोटरसायकलवरून निघाला, चिंबळी फाट्याची गर्दी कापत इंद्रायणीचा पूल ओलांडून मोशीत गेला. नदीच्या त्या काठाला नेट व्यवस्थित होतं. एका झेरॉक्सच्या दुकानात बसून त्यानं बिलं काढली, प्रिंट घेतल्या आणि तसाच परत आला. चाकणच्या गिऱ्हाईकाकडे गाडी उशिरा पोचली. त्याचा भुर्दंड किती पडला ते मित्रानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

कारण नेहमीचंच. रस्त्याकडेला पाण्याच्या लाइनसाठी जेसीबी चालला होता, त्याच्या दातात केबल आली.

रात्री मी मुद्दाम त्या जागी गेलो. व्हॅनची डिकी उघडी, आत एलईडीचा दिवा, आणि फोल्डिंग टेबलावर मान खाली घालून बसलेला पंचविशीतला मुलगा. पैठणकडचा. तुटलेली केबल ९६ कोअरची होती. आठ नळ्या, प्रत्येकीत बारा धागे. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी. शाळेत पाढे म्हणतात तसे त्यानं मला रंग म्हणून दाखवले. धागा घ्यायचा, आधी त्यात बारीक स्लीव्ह ओवायची (ती विसरलात तर झालेला जॉइंट पुन्हा तोडावा लागतो), वरचं रंगीत आवरण सोलायचं, अल्कोहोलच्या बोळ्यानं पुसायचं, क्लीव्हरनं टोक सरळ छाटायचं. मग दोन टोकं स्प्लायसिंग मशीनमध्ये समोरासमोर. उघडी काच १२५ मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या आसपास, आणि प्रकाश धावतो तो तिच्यातल्या जेमतेम ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून. पडद्यावर मात्र दोन टोकं मंदिराच्या खांबांसारखी दिसतात. एक ठिणगी, खांब एकजीव, आणि खाली आकडा: ०.०२. "लॉस झिरोच धरा काका," तो म्हणाला.

त्याच्या मांडीवर एक चुरगळलेला कागद होता, कोणता कोअर कुणाचा त्याचा. त्यानं सुरुवात भलत्याच नळीपासून केली. का, विचारलं. "हा जोड आधी. याच्यावर नाशिकपण आहे, चाकणपण आहे, टॉवरपण आहेत. सगळंच याच एका जोडीवर."

मला इथेच थांबायचं आहे, कारण पूर्वी असं नव्हतं. नव्वदीच्या शेवटी मी भोसरीत एका कारखान्याच्या स्टोअरला होतो. भोसरीचा कोड ०२०, नदीपलीकडच्या चाकणचा ०२१३५. चाकणला फोन करायचा तर शून्य फिरवावं लागे, आणि आमच्या फोनचं शून्य लॉक केलेलं असे. त्या लॉकचा आकडा एकट्या अकाउंटंटला माहीत. तो जेवायला गेला की चाकण परगावी जाई. पुढे काही काळ ९५ फिरवायची पद्धत आली, मग तीही गेली. पण गावातलं आणि बाहेरगावचं हा भेद नुसता बिलात नव्हता, यंत्रातही होता. शहरातल्या एक्स्चेंजना जोडणाऱ्या तारा वेगळ्या, ट्रंक लाइनी वेगळ्या, त्यांची यंत्रं वेगळी, ती सांभाळणारी माणसंही वेगळी.

फायबर आपल्याकडे आली तीही आधी गावातल्या कामासाठीच. देशातली एक्स्चेंज जोडणारी पहिली ऑप्टिकल फायबर लाइन १९७९ साली सुरू झाली ती पुण्यात. मुंबईत नाही, दिल्लीत नाही. ज्या शहराला एका नळाच्या पाण्यावरून चार दिवस वाद घालता येतो, त्याला ही गोष्ट कधी मिरवाविशी वाटली नाही, याचं मला नवल वाटतं. चार्ल्स काओंनी काचेतून दूरवर संदेश पाठवता येईल असं कागदावर मांडलं १९६६ साली. कॉर्निंग या काचकंपनीनं पुरेशी स्वच्छ काच ओढून दाखवली १९७० मध्ये. अमेरिकेत फायबरवरून खऱ्या ग्राहकांचे फोन चालू लागले १९७७ मध्ये. आणि दोन वर्षांनी आपण. 'फायबर ऑप्टिक्स' हा शब्द रूढ करणारा माणूसही इथलाच, पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी. काओंना २००९ मध्ये नोबेल मिळालं, कपानींना नाही. तो वाद वेगळा.

तेव्हा एका धाग्यातून एकच रंग जायचा. आज त्याच धाग्यातून ऐंशी, शहाण्णव रंग एकाच वेळी जातात. रंग म्हणायचं ते समजण्यापुरतं. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, सारा कारभार १५५० नॅनोमीटरच्या आसपासचा. प्रत्येक रंगावर शंभर गिगाबिट धरले तरी केसाएवढ्या काचेतून सेकंदाला आठ-नऊ टेराबिट झाले. काच इतकी निर्मळ की किलोमीटरमागे जेमतेम चारेक टक्के प्रकाश हरवतो. ऐंशी-शंभर किलोमीटरवर त्याला पुन्हा जोर देणारा अॅम्प्लिफायर बसवला की गाडी पुढे.

गाडी म्हटलं की पिंपरी स्टेशन आठवतं. पुणे–लोणावळा लोकल आणि डेक्कन क्वीन एकाच रुळांवरून धावतात. लोकल पिंपरीला थांबते, आकुर्डीला थांबते. क्वीन धूळ उडवत निघून जाते. फायबरवरचं जुनं तंत्र असं होतं की क्वीनलाही प्रत्येक जंक्शनला थांबवून सगळे उतारू खाली उतरवायचे, मोजायचे आणि दुसऱ्या गाडीत बसवायचे. प्रकाशाची वीज करायची, विजेचा पुन्हा प्रकाश. हे खर्चिक, म्हणून शहराचं जाळं निराळं आणि लांब पल्ल्याचं निराळं ठेवणंच परवडायचं. आता एक्स्चेंजमध्ये बसणारं यंत्र हव्या त्या रंगांना तिथे उतरवून घेतं आणि बाकीच्यांना हात न लावता पुढे जाऊ देतं. शिवाय फायबरवर लोकलला साइडिंगला टाकावं लागत नाही. रंग एकमेकांची वाट पाहत नाहीत. रेल्वेला हे जमतं तर तळेगावहून शिवाजीनगरला कामाला जाणारे माझे वाचक मला दर महिन्याला पत्र लिहिते ना.

भर म्हणून, पूर्वी विजेचा प्रकाश करून लांब धाडायच्या ज्या कामाला कपाटभर यंत्र लागायचं ते आता राउटरच्या तोंडात खोचायच्या, बोटभर लांबीच्या तुकड्यात मावतं. चारशे गिगाबिट घेऊन तो शंभरेक किलोमीटर जातो, त्याचा थोरला भाऊ त्याच्या कितीतरी पुढे. चिंचवडहून चाकण गाठायला आणि चिंचवडहून नाशिक गाठायला वेगळी यंत्रं कशाला घ्यायची, असं कंपन्यांना वाटलं तर त्यात चूक काय? मलाही वाटत नाही. आज चाकणच्या चार प्रेसवाल्याला परवडतं ते नेट या एकत्र येण्यामुळेच.

गंमत अशी, की अगदी गावातलं वाटणारं कामही पुष्कळदा परगावी जाऊन येतं. चाकणमध्ये समोरासमोरचे दोन कारखाने घ्या. एकाचं कनेक्शन एका कंपनीचं, दुसऱ्याचं दुसरीचं. या दोन कंपन्यांनी पुण्यात आपसात देवाणघेवाण ठेवली नसेल, तर रस्त्यापलीकडे पाठवलेली ड्रॉइंगची फाइल घाट उतरून मुंबईला जाते, तिथल्या एक्स्चेंजवर हात मिळवते आणि घाट चढून परत येते. काचेत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणून तीन-चारशे किलोमीटरच्या या फेऱ्याला दोनच मिलिसेकंद लागतात आणि आपल्याला पत्ता लागत नाही. मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये भारतातली तीन क्लाउड केंद्रं उघडली त्यातलं एक पुण्यात आहे, आणि २०२२ मध्ये चिंचवडची फिनोलेक्स इंडस्ट्रीजची पंचवीसेक एकर जागाही त्यांनी घेतली. म्हणजे आपला क्लाउड कदाचित पुढच्या सिग्नललाच असेल, आणि वाट मात्र खंडाळ्यावरून.

तेव्हा तारेनं गाव आणि परगाव हा भेद कधीच पुसला. खोदणाऱ्यांनी पुसलेला नाही. मोशीच्या पुलापर्यंत महापालिकेची हद्द. पूल उतरलात की चिंबळी, कुरुळी या ग्रामपंचायती. रस्ता राष्ट्रीय महामार्गाचा, आतले रस्ते एमआयडीसीचे, डोक्यावर पीएमआरडीए, पुढे चाकण नगर परिषद. दहा-बारा किलोमीटरच्या केबलला एवढ्या दारांत परवानगी मागायची. मग होतं काय, तर एका कंपनीला चारी खोदायची परवानगी मिळाली की दुसरी तिच्याच पाइपातून धागे भाड्यानं घेते, तिसरी त्याच चारीत आपली नळी सरकवते. यात बेकायदा काही नाही. पण लांबचं, जवळचं, टॉवरचं आणि माझ्या मित्राची 'दोन' कनेक्शनं, सगळी अर्धा मीटर रुंदीच्या एकाच मातीत येऊन झोपतात.

खोदण्याआधी विचारायची सोय सरकारनं केली आहे. 'कॉल बिफोर यू डिग' हे अॅप २२ मार्च २०२३ ला आलं. कुठे खणणार ते त्यात टाकलं की त्या जागेखाली ज्यांच्या तारा असतील त्यांना खबर जाते. नव्या दूरसंचार कायद्याखालचे मार्गहक्काचे नियमही १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. पण त्या रात्री मी जेसीबीवाल्याला विचारलं. त्याला ठेकेदाराच्या माणसानं चुन्याची रेघ मारून दिली होती. अॅपचं नावही त्यानं ऐकलं नव्हतं, आणि त्याला दोष देण्यात मला अर्थ दिसत नाही. त्याचे पैसे मीटरवर. दोष चुना मारणाऱ्याचा आणि त्याला वर्कऑर्डर देणाऱ्याचा. रस्ता खोदायची वर्कऑर्डर देताना अॅपवरच्या नोंदीचा नंबर त्या कागदावर असलाच पाहिजे आणि नसेल तर बिल निघता कामा नये, एवढं महापालिकेनं आणि एमआयडीसीनं केलं तरी पुष्कळ. बिल अडल्याशिवाय आपल्याकडे नियम वाचला जात नाही.

दुसरी गोष्ट आपली, गिऱ्हाइकांची. आपण कनेक्शन घेताना विचारतो स्पीड किती आणि महिन्याला किती. वाट कुठून, हे विचारत नाही. चाकणला मोशीखेरीज दुसरी वाट नाही असं नाही. चाकण–तळेगाव रस्ता आहे. तळेगावला जुना महामार्ग आणि रेल्वे भेटते, आणि रेल्वेच्या कडेनं रेलटेलचं वेगळंच जाळं गेलेलं आहे. इंद्रायणी तिकडेही आडवी येते, पण इंदोरीला, वेगळ्या पुलावर. मोठ्या मोटार कंपन्या अशा दोन दिशांनी तारा आणून कडं पुरं करूनच घेतात. एकीकडे तुटलं तर रहदारी दुसऱ्या अंगानं फिरते आणि आतल्या माणसाला कळतही नाही. त्यांना माल पुरवणाऱ्या शेकडो लहान युनिटांच्या नशिबी मात्र मोशीच. एकट्याला तळेगावकडची वाट परवडणारी नाही, हे मान्य. वीस-पंचवीस युनिटांनी मिळून मागितली तर? उद्योजकांच्या संघटना विजेसाठी आणि तळेगाव चौकातल्या कोंडीसाठी निवेदनं देतात, त्यात हा एक मुद्दा घालायला काय हरकत आहे?

त्या रात्री पैठणच्या मुलाचे ९६ जॉइंट पुरे व्हायला साडेतीन वाजले. मधे एकदा चहा. ही काच ज्या मोठ्या कांडीतून ओढतात ती कांडी आणि तो धागा बनवणारे कारखाने त्याच्याच जिल्ह्यात आहेत, शेंद्र्याला आणि वाळूजला, असं मी त्याला मोठ्या थाटात सांगितलं. "माहितीये, तिथं अर्ज दिलता," एवढंच म्हणून त्यानं पुढचा हिरवा धागा उचलला. शेवटी ओटीडीआर लावून पुन्हा एकदा सगळी लाइन तपासली. हे यंत्र धाग्यात प्रकाशाची टिचकी मारतं आणि परत येणाऱ्या पडसादावरून तुटलं कुठे ते मीटरात सांगतं. दुपारी त्यानं जो आकडा दाखवला होता, त्यापेक्षा जेसीबीचा खड्डा रस्त्यानं मोजला तर तीनशे मीटर अलीकडे होता. मधल्या चेंबरांमध्ये केबलची वेटोळी ठेवलेली असतात, ती वजा करायची कुणाच्या लक्षात राहिलं नाही, आणि माणसं तासभर भलत्याच जागी शोधत बसली.

माझ्या आग्रहावरून मित्रानं दोन्ही कंपन्यांच्या विक्रीवाल्या पोरांना मागच्या आठवड्यात एकाच वेळी बोलावलं आणि आपापल्या मार्गाचा नकाशा लॅपटॉपवर उघडायला सांगितलं. आधी जरा कुरकुर झाली, मग उघडले. एकाची रेघ लाल, दुसऱ्याची निळी. कुरुळीपासून मोशीपर्यंत दोन्ही एकमेकींवर अशा बसल्या होत्या की जांभळीच दिसत होती. मित्र काही बोलेना. तेव्हा त्यातला एक जण घसा खाकरून म्हणाला, "नाही सर, सेम नाहीये. पुलावर आमची डाव्या कठड्याला आहे, यांची उजव्या."