तासांची बेरीज म्हणजे अभ्यास नव्हे

‘जितके तास, तितके गुण’ हा लातूर पॅटर्न या परीक्षा-तयारीच्या पद्धतीविषयीच्या एका वाचकपत्रातला मुद्दा पटत नाही. या पॅटर्नचे बळ नुसत्या तासांत नाही, वारंवारच्या सराव परीक्षांत आहे. मानसशास्त्रज्ञ रोडिगर व कारपिकी यांच्या २००६च्या प्रयोगांत, पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त आठवले. एकाच बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा अनेक दिवसांत विभागलेली उजळणी सरस, हे स्मृतीचे अभ्यासक एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवले होते. शिकायला प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा, हे शिक्षणमानसशास्त्रज्ञ जॉन कॅरॉल यांनी १९६३ मध्ये मांडले. नांदेड-लातूरच्या क्लासेसमध्ये मात्र ‘नीट’च्या अख्ख्या बॅचला एकच वेळापत्रक, आणि जादा तासांसाठी कात्री लागते ती झोपेला. शिकलेले पक्के होते ते झोपेतही! म्हणून वेळापत्रक आखताना आधी झोप आणि उजळणीचे अंतर ठरवावे, तास नंतर मोजावेत.

– एक निवृत्त शिक्षक, नांदेड