जोडी म्हणजे बैलजोडी

दुकानात जाऊन "जोडी द्या" म्हणालो आणि फसलो. त्यात चूक दुकानदाराची किती आणि माझी किती, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

नातीच्या हट्टापायी परभणीतल्या आमच्या घरी एक गिनीपिग आली. तांबूस-पांढरी, मूठभर जीव. चार दिवस कौतुक झालं. मग सुट्ट्या संपल्या, नात शाळेत, सून नोकरीवर. घरात उरलो मी आणि पिंजऱ्याच्या कोपऱ्यात तोंड खुपसून बसलेलं ते जनावर. पेरूची फोड पुढे केली तरी हलेना. माझं बालपण गोठ्यात गेलंय. दावणीला एकटं राहिलेलं जनावर वैरणीवरचं मन कसं काढून घेतं, हे पाहिलेलं आहे. हिला सोबत हवी, हे कुणी सांगावं लागलं नाही.

गिनीपिग मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या मुलखातले, कळपाने राहणारे. माणसाने त्यांना हजारो वर्षांपूर्वी माणसाळवलं, तरी कळपाची ओढ गेलेली नाही. स्वित्झर्लंडने तर 2008 मध्ये नियमच केला की गिनीपिग एकटा पाळायचा नाही. हे ऐकून आमच्या कट्ट्यावरची मंडळी हसली. मला हसू आलं नाही.

म्हणून दुसरा आणायला गेलो, "जोडी" म्हणालो आणि दुकानदाराने नर काढून दिला. त्याच्या लेखी जोडी म्हणजे नवरा-बायको. पण मी शेतकऱ्याचा मुलगा. आमच्या घरात जोडी म्हणजे दोन बैल! तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं.

दुसरी चूक पूर्णपणे माझी. घरी आल्याबरोबर नराला तिच्या पिंजऱ्यात सोडलं. क्षणात दात कटकटायला लागले, पाठलाग सुरू झाला, गवताची धूळधाण. बाजारातून नवा बैल आणला की वडील त्याला कधीही थेट जुन्याशेजारी बांधत नसत. आधी चार हात लांब, गव्हाण वेगळी. आठ दिवस एकमेकांना बघू द्यायचं, वास घेऊ द्यायचा, मग शेजारी, आणि जू त्यानंतर. एवढं पाहूनही मी विसरलो, कारण जनावर लहान होतं. लहान जनावराला स्वभाव नसतो, असं आपण धरूनच चालतो.

पुढे दोघांचं जमलं, पण व्हायचं तेच झालं: मादी गाभण राहिली. पशुवैद्यांकडे नेल्यावर कळलं की आमचं नशीब थोर, ती कोवळी होती. सहा-सात महिन्यांनंतर पहिल्यांदाच गाभण राहिली, तर कमरेचं हाड पुरेसं फाकत नाही आणि बाळंतपण जिवावर बेततं. शिवाय व्यायली की काही तासांतच ती पुन्हा गाभण राहू शकते. मग नराला आधीच वेगळं केलं. तीन पिल्लं झाली. अंगावर केस, डोळे उघडे, जन्मल्याबरोबर तुरुतुरु पळणारी. त्यात एक नर. त्याला तीन आठवड्यांचा झाल्याबरोबर आईपासून आणि बहिणींपासून काढायला लागतं, नाहीतर तोच त्यांना गाभण करतो.

या नराची बापाशी ओळख करून देताना मात्र मी वडिलांसारखा वागलो. आधी आठवडाभर जाळीच्या दोन बाजूंना दोघं. (बाहेरून आणलेलं जनावर असेल, तर दोन-तीन आठवडे पार वेगळ्या खोलीत ठेवावं, रोग आला असेल तर कळतो.) मग शहाबादी फरशीवर, जिथे दोघांपैकी कुणाचाच हक्क नाही अशा जागी, गवताचे दोन ढीग आणि दोन्हीकडून उघडी खोकी ठेवून सोडलं. बाप कंबर डोलवत, घरघरत फिरला, पोराच्या अंगावर चढला. हे सगळं चालू द्यायचं. थोरला कोण ते त्यांचं त्यांना ठरवू द्यायचं. रक्त निघालं किंवा दोघं एकमेकांत गुरफटून लोळायला लागले, तरच मधे पडायचं, आणि तेही जाड टॉवेल टाकून, उघडा हात घालून नाही. आज बाप-लेक चार फूट बाय दोन फुटांच्या घरात सुखाने राहतात. मायलेकी दुसऱ्या खोलीत. मादीचा वास नसला आणि पाण्याच्या बाटल्या दोन असल्या की नरांचं बऱ्यापैकी जमतं.

आता माझं मागणं. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी केंद्राचे 2018 चे नियम आहेत, दुकानाची नोंदणीही सक्तीची आहे. पण गिऱ्हाइकाने काय मागावं, हे गिऱ्हाइकालाच ठाऊक नसतं. गिनीपिग घ्यायचाच तर एकाच वेतातल्या दोन बहिणी किंवा दोन भाऊ घ्यावेत. ओळख करून देण्याची कटकटच उरत नाही. पावतीवर नर की मादी आणि वय लिहून घ्यावं. परभणीत अर्ध्या शतकापासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तिथे महिन्यातली एक सकाळ या लहान जनावरांचे नर-मादी ओळखून देण्यासाठी ठेवली, तर कितीतरी नकोशी बाळंतपणं टळतील.

आणि मे महिन्यात पारा 42 च्या वर जाणाऱ्या या गावात खिडकीला ओलं गोणपाट, खाली थंड फरशी आणि दिवसभर घरात कुणीतरी माणूस, एवढं जमणार नसेल तर आणूच नये. तिशीच्या पुढे पारा गेला की हे जनावर उन्हाने मरू शकतं. वाढदिवसाच्या खोक्यात घालून द्यायची ही वस्तू नव्हे.

पुढच्या वेळी कुणी "जोडी द्या" म्हणालं, तर दुकानदाराने एवढंच विचारावं: नवरा-बायकोची, की बैलांची?